झाकणाचा रंग

हकिमुद्दीन शेठनी काउंटरवर पाच डबे मांडले
आणि आधी पाचही झाकणं काढून खिशात टाकली.
"झाकणावर भाळू नका बाई.
झाकण कारखान्यात रंगतं, चाक तुमच्या अंगणात."
मग खोक्याचा पुठ्ठा फाडून
पाच फुसकारे, पाच ठिपके.

क्रोम. आरशासारखा.
बोट लावलं, तर बोटावरच आला.
वर लॅकर मारला की राखेसारखा होतो म्हणे.
सोनेरी पोरं नेतात, बुलेटसाठी.
मॅट काळा मला घरूनच ठरवून आणलेला;
शेठ चष्म्यावरून बघत राहिले:
"राहायचं धुळ्यात, आणि चाकं काळी?"
गनमेटल ढगाच्या रंगाचा,
असा ढग मेमध्ये आमच्या वाट्याला येत नाही.
आणि कडेला व्हील सिल्व्हर,
एकदा बघितल्यावर
पुन्हा बघावंसं न वाटणारा.

पुठ्ठा घेऊन देवपूरला आले.
चाकाला टेकवून ठेवला.
दुपारी बघितला, दिवेलागणीला, मग ट्यूबलाइटखाली.
रात्री जेवताना पाचही ठिपके सारखेच वाटले
तेव्हा तो आत नेऊन फ्रिजवर ठेवला.

गाडी हिलाल आप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलची.
स्कूल बंद झालं, मी घेतली.
शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक त्यांनी काढून दिला,
भोकं राहिली,
पावसात तिथून पाय ओला होतो.

तारेचा ब्रश. मग ऐंशी नंबर, दोनशे वीस, चारशे.
चंदेरीखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली पुन्हा चंदेरी,
आणि कडांवर खरचटे.
पांझरेच्या पुलाशी जो फूटपाथ वळतो
त्यानं पंधरा वर्षं घेतलेला हा जबाब:
दोनदा नापास झालेला तलाठी,
सासरी गाडी आहे म्हणून शिकायला आलेल्या दोघी बहिणी,
एक कंपाउंडर, जो फक्त उजवीकडे वळायचा.
पुढच्या डाव्या चाकावर अंगठ्याएवढा एक, तो माझा.
वय सेहेचाळीस. मी स्टिअरिंग सोडून तोंड झाकलं होतं.
आप्पा म्हणाले,
"भिवू नको ताई. चाक शे, कपबशी नही."

सगळ्यांवर पुट्टी भरली.
त्या एकावर पत्रा टेकवला
आणि उचलला.

डब्यावर लिहिलंय, उन्हात मारू नये.
इथं नऊ वाजता रंग नळीतून निघतो
आणि चाकापर्यंत पोचेतो वाळलेला असतो,
वाळूसारखा बसतो, हात फिरवला की खरखर.
म्हणून पहाटे पाचला अंगणात.
टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचले,
चौकटचा गुलाम हरवलेला जुना जोड,
शेठनीच सांगितलेली युक्ती.

एक वीत अंतर. हात थांबवायचा नाही.
पहिला थर इतका विरळ
की आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं पाहिजे.
तीस वर्षं पोस्टात शिक्का मारलेला हा हात,
त्याला जोर माहीत; हलकेपणा नवा.
पहिल्या चाकावर ओघळ आला.
पुसला, घासला, पुन्हा.
चौथ्यापर्यंत तर्जनी वाकलेलीच राहिली,
चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

कोणता घेतला ते सांगायचं राहिलंच.
तोच. पुन्हा बघावंसं न वाटणारा.
काळा घेऊन मी शेठकडे गेले तेव्हा
त्यांनी काही न बोलता तो बदलून दिला.
(खरं म्हणजे मी तो दोन दिवस घरी ठेवला होता,
झाकण लावून, काढून.)

संध्याकाळी भामरे काका फाटकाशी थांबले,
गाडीकडे जरा वेळ बघत राहिले.
"आज धुतली वाटतं?"
मी हो म्हटलं.

आता फक्त रमी खेळता येत नाही.
पत्ते पुसले, थिनर लावला, तरी
इस्पिकचा राजा कोणाच्या हातात आहे
ते मागूनही चमकतं.